बाळंतपणानंतरची माता : मुकुटबन परिसरातील श्रमजीवी मातांचे दैनंदिन आरोग्य आणि स्वास्थ्य

प्रस्तावना

बाळ-बाळंतीण सुखरूप असल्याचा निरोप घरी पोहोचला की कुटुंबाच्या दृष्टीने मातेच्या आरोग्याचा प्रश्न सुटलेला असतो. त्यानंतर सर्वांचे लक्ष बाळाकडे वळते. बाळाचे वजन घेतले जाते, त्याच्या लसींच्या तारखा पाळल्या जातात, त्याच्या वाढीचा आलेख अंगणवाडीत काढला जातो. मातेचे वजन किती घटले, तिला किती तास झोप मिळते, तिची कंबर किती दुखते, तिचे मन प्रसन्न आहे काय, याची विचारपूस मात्र फारशी होत नाही. भारतीय समाजात मातेच्या गौरवाची परंपरा मोठी आहे. परंतु गौरव आणि काळजी या दोन भिन्न गोष्टी आहेत.

महाराष्ट्रात दवाखान्यात होणाऱ्या बाळंतपणांचे प्रमाण २०१९-२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार ९४.७ टक्क्यांवर पोहोचले आहे. ही निश्चितच मोठी उपलब्धी होय. त्याच पाहणीत १५ ते ४९ या वयोगटातील स्त्रियांमधील रक्तक्षयाचे प्रमाण ५४.२ टक्के आढळले; चौथ्या पाहणीत (२०१५-१६) ते ४८ टक्के होते. म्हणजेच बाळंतपण सुरक्षित होत असताना बाळंत होणाऱ्या स्त्रीचे दैनंदिन आरोग्य मात्र सुधारलेले नाही. या विसंगतीचे कारण दवाखान्यापेक्षा मातेच्या घरी गेल्यानंतरच्या दिनक्रमात अधिक शोधावे लागते. प्रस्तुत लेखात यवतमाळ जिल्ह्यातील मुकुटबन परिसर डोळ्यांसमोर ठेवून लहान मुलांच्या मातांच्या दैनंदिन आरोग्याचा विचार केला आहे. त्यासाठी उपलब्ध अभ्यास, आहारविषयक शासकीय शिफारशी आणि कायद्यातील तरतुदी यांचा आधार घेतला आहे.

परिसर आणि मातेचा दिवस

मुकुटबन हे यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय भागातील झरी जामणी तालुक्यातील एक बाजारपेठेचे गाव. दक्षिणेला पैनगंगा नदी आणि तिच्या पलीकडे तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा. त्यामुळे या भागात मराठीबरोबर तेलुगू, गोंडी आणि कोलामी या भाषाही कानी पडतात. तालुक्यात गोंड व कोलाम समाजाची वस्ती लक्षणीय आहे. केंद्र शासनाने महाराष्ट्रातील ज्या तीन जमातींना विशेष असुरक्षित आदिवासी गट म्हणून मान्यता दिली, त्या कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम होत. कोलामांच्या वस्त्या ‘पोड’ या नावाने ओळखल्या जातात आणि त्या पुष्कळदा मुख्य गावापासून दूर असतात. मुकुटबन परिसरात कोळशाच्या खाणी व सिमेंट उद्योग आला असला, तरी बहुसंख्य कुटुंबांचे जीवन आजही कापूस, सोयाबीन आणि तूर यांच्या शेतीभोवती फिरते.

या शेतीत स्त्रियांच्या वाट्याला येणारी कामे ठरलेली आहेत. पेरणीनंतर निंदण-खुरपण आणि दसरा-दिवाळीपासून पुढे कापसाची वेचणी. वेचणीची मजुरी सामान्यतः वेचलेल्या कापसाच्या वजनावर, म्हणजे किलोच्या दराने मिळते. ही वरवर साधी वाटणारी बाब मातेच्या आरोग्याच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. रोजाने काम करणाऱ्या स्त्रीने बाळाला पाजण्यासाठी अर्धा तास काढला तर तिचा रोज सहसा बुडत नाही. परंतु किलोच्या दराने वेचणाऱ्या मातेचा प्रत्येक थांबा तिच्या मजुरीतून थेट वजा होतो. पाणी पिण्यासाठी, लघवीसाठी, सावलीत टेकण्यासाठी घेतलेला वेळही तसाच वजा होतो. म्हणून ती कमी पाणी पिते, लघवी रोखून धरते आणि बाळाला शक्य तितके उशिरा पाजते. वरून अज्ञान वाटणारे हे वर्तन प्रत्यक्षात मजुरीच्या पद्धतीतून निर्माण झालेले असते.

शेतात जाण्यापूर्वी आणि परतल्यावर चूल, पाणी, सरपण, मोठ्या मुलांचे जेवण ही कामे तिचीच असतात. रात्री बाळ दोन-तीन वेळा उठते. अशा दिनक्रमात आरोग्याचा उपदेश कितीही चांगला असला तरी तो अमलात आणण्यास लागणारा वेळ तिच्याजवळ नसतो. मातेच्या स्वास्थ्याचा विचार करताना ही वस्तुस्थिती प्रथम लक्षात घेणे आवश्यक ठरते.

बाळंतपणानंतरची दुखणी : गडचिरोलीतील अभ्यास

बाळंतपणानंतरचे सहा आठवडे, म्हणजेच सूतिकावस्था, हा काळ विदर्भातील खेड्यांत कसा जातो, याचा विश्वसनीय पुरावा गडचिरोली जिल्ह्यातून मिळतो. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील ३९ खेड्यांतील ७७२ स्त्रियांची बाळंतपणाच्या वेळी आणि त्यानंतर घरोघरी जाऊन नोंद ठेवली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ५२.६ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता त्रास झाल्याचे आढळले. त्यातील विशेष लक्षणीय बाब अशी की प्रत्यक्ष प्रसूतीच्या वेळी त्रास झालेल्या स्त्रिया १७.७ टक्के होत्या, तर बाळंतपणानंतरच्या काळात त्रास झालेल्या ४२.९ टक्के होत्या. स्तनांच्या तक्रारी, काही दिवसांनंतर होणारा रक्तस्राव, जननमार्गाचा जंतुसंसर्ग आणि निद्रानाश ही त्यातील प्रमुख दुखणी होती.

याच संशोधकांचा १९८९ मधील अभ्यासही येथे उल्लेखनीय आहे. गडचिरोलीतील दोन खेड्यांतील स्त्रियांची तपासणी केली असता ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग असल्याचे आढळले. यापूर्वी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे, अंग बाहेर येणे यांसारख्या तक्रारी ‘बाईच्या जातीला असायच्याच’ असे मानून वर्षानुवर्षे अंगावर काढल्या जातात. दवाखान्यात बाळंत होणाऱ्यांचे प्रमाण आज वाढले असले तरी दोन-तीन दिवसांनी घरी परतलेल्या मातेचे पुढील चाळीस दिवस घरातच जातात. दुखण्यांचा मोठा भार नेमका याच काळात येतो, ही या अभ्यासांची शिकवण आजही तितकीच लागू आहे.

आहार : सहाशे कॅलरींचा प्रश्न

स्तनपान देणाऱ्या मातेच्या शरीरात दूध तयार होण्यासाठी अतिरिक्त ऊर्जा खर्च होते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार पहिल्या सहा महिन्यांत मातेला नेहमीच्या गरजेपेक्षा दररोज सुमारे ६०० कॅलरी आणि जवळजवळ १७ ग्रॅम प्रथिने अधिक लागतात. पुढील सहा महिन्यांत ही अतिरिक्त ऊर्जेची गरज ५२० कॅलरी इतकी असते. बैठे काम करणाऱ्या स्त्रीची मूळ गरज १,६६० कॅलरी, तर अतिकष्टाचे काम करणाऱ्या स्त्रीची २,७२० कॅलरी धरली आहे. म्हणजे तान्हे बाळ पाजून शेतात दिवसभर कष्ट करणाऱ्या मातेची दैनिक गरज ३,३०० कॅलरींच्या घरात जाते. घरात सर्वांत शेवटी जेवणाऱ्या स्त्रीच्या ताटात इतके अन्न उरते काय, हा खरा प्रश्न आहे.

ही वाढीव गरज महागड्या पदार्थांनीच भागते असे मात्र नाही. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठाची भाकरी, ४० ग्रॅम तुरीच्या डाळीचे घट्ट वरण आणि २५ ग्रॅम शेंगदाणे यांतून सुमारे ६०० कॅलरी आणि १७ ग्रॅमहून अधिक प्रथिने मिळतात. हे तिन्ही पदार्थ विदर्भातील घरांत परिचित आहेत. त्यांच्या जोडीला तीळ किंवा जवसाची चटणी, अंबाडी, मेथी, शेवगा यांची पालेभाजी आणि जमेल तेव्हा अंडे वा दूध असावे. आहारात लिंबू, आवळा किंवा बोरे असल्यास अन्नातील लोह अंगी लागते. जेवणासोबत किंवा लगेच नंतर घेतलेला चहा याच्या उलट परिणाम करतो; म्हणून चहा आणि जेवण यांत किमान तासाभराचे अंतर ठेवणे हिताचे.

अंगणवाडीमार्फत गरोदर व स्तनदा मातांना मिळणाऱ्या पूरक आहाराचे प्रमाणही दररोज ६०० कॅलरी आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिने असे ठरविलेले आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत हा आहार मातेचा हक्क मानला आहे. हिशेब कागदावर जुळतो; परंतु घरी नेलेले पाकीट कुटुंबातील चार-पाच तोंडांत वाटले गेले की मातेच्या वाट्याला एक पंचमांश उरतो. अनुसूचित क्षेत्रासाठी महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये सुरू केलेल्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत अंगणवाडीत एक वेळचे ताजे, चौरस जेवण देण्याची कल्पना याच कारणाने महत्त्वाची ठरते. समोर बसून जेवलेले अन्न मातेच्याच पोटात जाते.

रक्तक्षय आणि थकवा

‘अंगात जीव नाही’, ‘दम लागतो’, ‘डोळ्यांपुढे अंधारी येते’ या शब्दांत सांगितल्या जाणाऱ्या तक्रारींमागे बहुधा रक्तक्षय असतो. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास रक्तक्षय आणि ८ ग्रॅमच्या खाली गेल्यास तीव्र रक्तक्षय समजला जातो. गरोदरपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस रोज एक लोह व फॉलिक आम्लाची गोळी घ्यावी, अशी ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमाची (२०१८) शिफारस आहे. गरोदरपणातील गोळ्यांविषयी बरीच जागृती झाली असली तरी बाळंतपणानंतरच्या सहा महिन्यांच्या गोळ्या सहज विस्मरणात जातात. गोळीमुळे शौचास काळे होणे हा स्वाभाविक परिणाम असून त्यात घाबरण्याचे कारण नाही. मळमळ होत असल्यास गोळी रात्री जेवणानंतर घ्यावी, बंद करू नये.

विदर्भात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. येथील अनेक आदिवासी व अन्य समाजगटांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. नियमित गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल, सांधे वारंवार दुखत असतील किंवा कावीळ होत असेल, तर सिकलसेलची तपासणी करून घ्यावी. २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानांतर्गत ही तपासणी शासकीय आरोग्य संस्थांत केली जाते.

परंपरा : काय राखावे, काय सोडावे

बाळंतिणीला सव्वा महिना विश्रांती देण्याची परंपरा महाराष्ट्रात सर्वत्र आढळते. पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी जाणे, अंगाला तेल लावून शेकणे, अळिवाची खीर, डिंकाचे व मेथीचे लाडू, बाळंतशोपा या सर्वांमागे झिजलेल्या शरीराला उभारी देण्याचा विचार आहे. आधुनिक वैद्यकातील सहा आठवड्यांची सूतिकावस्था आणि परंपरेतील सव्वा महिना यांच्यात केवळ काही दिवसांचे अंतर आहे. अळीव लोहाने, तर तीळ कॅल्शियमने समृद्ध असल्याने परंपरेतील हा भाग आवर्जून जपावा असाच आहे.

तथापि काही चालीरीती अपायकारक आहेत. बाळंतिणीला पाणी कमी देणे, डाळी-भाज्या वर्ज्य करून केवळ भात वा भाकरीवर ठेवणे, बंद खोलीत शेगडीचा वा धुरीचा धूर कोंडणे यांमुळे माता व बाळ दोघांनाही त्रास होतो. पहिला पिवळसर चीक पिळून टाकणे म्हणजे बाळाला रोगप्रतिकारशक्तीच्या पहिल्या ठेव्यापासून वंचित करणे होय. जन्मानंतर पहिल्या तासात स्तनपान सुरू करावे आणि सहा महिने मध, पाणी वा घुटी न देता केवळ आईचे दूध द्यावे, ही शिफारस सर्वमान्य आहे. पुढे वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षे व त्यापुढेही अंगावर पाजता येते.

परंपरेतील सर्वांत मोलाची गोष्ट, म्हणजे विश्रांती, नेमकी गरीब मातेलाच मिळत नाही. वेचणीच्या हंगामात बाळंत झालेली मजूर स्त्री सव्वा महिना घरी बसू शकतेच असे नाही. त्यामुळे लाडू राहतात दूर आणि पथ्यांची बंधने मात्र तिच्यावर लादली जातात. ज्या रूढीला पैसा लागतो ती सुटते आणि जी उपासमार वाढवते ती टिकते, हा विरोधाभास घरातील ज्येष्ठ स्त्रियांशी संवाद साधताना लक्षात घेण्यासारखा आहे.

कंबर, ओटीपोट आणि वजन उचलणे

गरोदरपणात व प्रसूतीत ओटीपोटाच्या तळाशी असलेले स्नायू ताणले जातात. ते पूर्ववत होण्यापूर्वीच पाण्याच्या गुंडांचे, सरपणाच्या मोळीचे किंवा कापसाच्या गाठोड्याचे ओझे उचलल्यास गर्भाशय खाली सरकण्याचा म्हणजेच अंग बाहेर येण्याचा धोका वाढतो. शिंकताना वा खोकताना लघवी गळणे हे त्याच दुर्बलतेचे लक्षण असू शकते. अनेक स्त्रिया लाजेमुळे ही तक्रार कोणालाही सांगत नाहीत.

यावर एक सोपा व्यायाम उपयुक्त ठरतो. लघवी रोखून धरताना जे स्नायू आवळले जातात, तेच स्नायू पाच सेकंद आवळून पाच सेकंद सैल सोडावेत. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा करावे. हा व्यायाम स्वयंपाक करताना किंवा बाळाला पाजताना बसल्या जागी करता येतो. प्रत्यक्ष लघवी करताना मात्र करू नये. सहा आठवडे जड ओझे टाळणे, ओझे उचलताना कमरेत न वाकता गुडघ्यात वाकणे आणि बाळाला पाजताना पाठीला भिंतीचा आधार घेणे, या साध्या सवयींनी कंबरदुखी पुष्कळ कमी होते. सिझेरियन झालेल्या मातेने वैद्यकीय सल्ल्याशिवाय जड काम सुरू करू नये.

कामावर जाणारी माता आणि स्तनपान

कामावर जाणाऱ्या मातेला स्तनपान थांबवावेच लागते, हा समज बरोबर नाही. घरून निघण्यापूर्वी व परतल्याबरोबर पाजणे, रात्रीचे पाजणे सुरू ठेवणे आणि मधल्या काळासाठी दूध हाताने काढून ठेवणे हा मार्ग आहे. स्वच्छ धुतलेल्या हातांनी, उकळून घेतलेल्या झाकणाच्या भांड्यात काढलेले दूध साधारण तापमानाला चार तासांपर्यंत वापरता येते; यवतमाळच्या उन्हाळ्यात ते त्याहून लवकर वापरावे. हे दूध वाटी-चमच्याने पाजावे. बाटलीची स्वच्छता राखणे कठीण असल्याने ती टाळणे श्रेयस्कर. दूध साकळून स्तन कडक झाल्यास पाजणे बंद न करता वारंवार पाजावे. ताप व लाली असल्यास त्वरित उपचार घ्यावेत.

कापूस पट्ट्यातील मातांसाठी आणखी एक दक्षता आवश्यक आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या वेळी विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजुरांना प्राण गमवावे लागले. गरोदर व स्तनदा मातांनी फवारणीच्या, औषध कालविण्याच्या किंवा फवारणीचे कपडे धुण्याच्या कामापासून दूर राहावे. नुकत्याच फवारलेल्या शेतात बाळाची झोळी बांधू नये. शेतातून आल्यावर हात-पाय व छाती साबणाने धुऊन, कपडे बदलूनच बाळाला जवळ घ्यावे.

मनाचे आरोग्य

बाळंतपणानंतर पहिल्या काही दिवसांत रडू येणे, चिडचीड होणे, उगाच भीती वाटणे हे अनेक मातांना अनुभवास येते आणि बहुधा दोन आठवड्यांत ते निवळते. मात्र उदासी त्यापुढेही टिकली, कशातच रस वाटेनासा झाला, बाळ झोपले असतानाही झोप लागेनाशी झाली, आपण नालायक आहोत असे वाटू लागले, तर तो आजार समजावा. यास प्रसूतीनंतरचे नैराश्य म्हणतात. भारतातील ३८ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत प्रसिद्ध झाले. त्यानुसार सुमारे २२ टक्के माता या नैराश्यातून जातात.

याबाबतीत गोव्यातील अभ्यास विशेष बोलका आहे. विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक माता सहा महिन्यांनंतरही बऱ्या झालेल्या नव्हत्या. गरिबी, नवऱ्याकडून होणारी मारहाण आणि मुलगी झाल्याबद्दलची नाराजी यांचा या आजाराशी संबंध दिसून आला. म्हणजे हा आजार मातेच्या मनाच्या दुर्बलतेतून येत नाही. तिला मिळणाऱ्या वागणुकीचाही त्यात वाटा असतो. ‘बाहेरची बाधा’ म्हणून त्याकडे पाहिल्यास उपचार लांबतात. तिचे ऐकून घेणारे माणूस, सलग चार-पाच तासांची झोप आणि घरकामात नवऱ्याचा व सासूचा प्रत्यक्ष हातभार हे प्राथमिक उपचार होत. त्याने आराम न पडल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. २०२२ पासून १४४१६ या ‘टेलिमानस’ क्रमांकावर मानसिक आरोग्याविषयी विनामूल्य सल्ला मिळतो. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार मनात येत असतील, तर मातेला क्षणभरही एकटे न ठेवता त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे.

दोन बाळंतपणांतील अंतर

शरीराची झीज भरून निघण्यास काळ लागतो. म्हणून एका बाळंतपणानंतर पुढील गर्भधारणेपूर्वी किमान २४ महिन्यांचे अंतर असावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. पाळी सुरू झाली नाही म्हणजे दिवस राहणार नाहीत, या समजुतीवर विसंबणे धोक्याचे आहे. प्रसूतीनंतर ४८ तासांत किंवा सहा आठवड्यांनी बसविता येणारी तांबी, ‘अंतरा’ इंजेक्शन, ‘छाया’ गोळ्या आणि निरोध ही साधने शासकीय आरोग्य सेवेत विनामूल्य मिळतात. या निर्णयाची जबाबदारी केवळ स्त्रीवर टाकणे योग्य नाही. पुरुष नसबंदी ही स्त्री शस्त्रक्रियेपेक्षा सोपी असते, हेही कुटुंबांना सांगितले पाहिजे.

त्वरित दवाखान्यात नेण्याची लक्षणे

पुढीलपैकी एकही लक्षण दिसल्यास घरगुती उपायांत वेळ न घालविता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी :

१. तासाभरात पूर्ण कपडा भिजेल इतका रक्तस्राव किंवा मोठ्या गाठी पडणे.
२. थंडी वाजून ताप येणे. अंगावरून दुर्गंधीयुक्त स्राव जाणे.
३. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज किंवा झटके येणे.
४. एका पायाला सूज व वेदना. छातीत दुखणे, धाप लागणे.
५. टाक्यांतून पू येणे किंवा पोटात असह्य दुखणे.
६. असंबद्ध बोलणे, भास होणे किंवा जिवाला कंटाळल्याचे बोलणे.

यंत्रणेतील दुवा आणि त्यातील फट

दवाखान्यातील बाळंतपणानंतर आशा स्वयंसेविकेने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी भेट द्यावी, अशी २०११ पासून व्यवस्था आहे. घरी बाळंतपण झाल्यास पहिल्या दिवसाची भेट अधिक असते. २०१८ पासून तिसऱ्या ते पंधराव्या महिन्यापर्यंत आणखी पाच भेटींची जोड देण्यात आली. तथापि या भेटींची रचना मुख्यतः बाळाभोवती झालेली आहे. त्याच भेटीत मातेला ‘तू किती वेळा जेवलीस? किती झोपलीस? लघवीला जळजळ होते का? मन कसे आहे?’ हे चार प्रश्न विचारले गेले, तर कोणताही नवा खर्च न करता मातेचे आरोग्य नजरेखाली येईल. दूरच्या पोडांवर हे प्रश्न कोलामी वा गोंडीत विचारले जाणे अधिक परिणामकारक ठरेल.

दुसरी फट रजेची आहे. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी प्रसूती रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती कायम राहिली. कारखाना, खाण वा कार्यालयात नोंद असलेल्या स्त्रीला तिचा लाभ मिळतो. त्याच गावातील शेतमजूर मातेला मात्र भरपगारी रजा नाही. तिच्यासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये आणि २०२२ पासून दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये मिळतात. या रकमेचा मूळ हेतू बुडालेल्या मजुरीची अंशतः भरपाई हा आहे. रक्कम वेळेवर, म्हणजे मातेला घरी राहण्याची गरज असताना हाती आली, तरच तो हेतू साध्य होतो.

तिसरी फट बाळ सांभाळण्याची आहे. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असल्यास त्यांच्या देखभालीसाठी एका स्त्रीची मजुरी देऊन नेमणूक करण्याची तरतूद होती. हेच तत्त्व वेचणीच्या हंगामात गावपातळीवर वापरता येण्यासारखे आहे. वेचणीस जाणाऱ्या दहा-बारा माता, बाळे सांभाळणारी एक अनुभवी स्त्री, शेताजवळची सावलीची जागा, पिण्याचे पाणी आणि दर तीन तासांनी पाजण्याची सुट्टी एवढीच त्याची गरज आहे. ग्रामपंचायत, स्त्रियांचे बचत गट आणि शेतमालक यांच्या समजुतीने हे घडू शकते.

निष्कर्ष व शिफारशी

१. मातेच्या आजाराचा मोठा भाग प्रसूतीनंतर घरी उद्भवतो; म्हणून बेचाळीस दिवसांच्या गृहभेटींत मातेची स्वतंत्र विचारपूस व नोंद व्हावी.
२. पूरक आहार शक्य तेथे अंगणवाडीत प्रत्यक्ष जेवणाच्या स्वरूपात द्यावा; घरी मातेने सर्वांबरोबर जेवावे.
३. बाळंतपणानंतरच्या १८० लोहगोळ्या व हिमोग्लोबिन तपासणी यांवर बाळाच्या लसीकरणाच्या दिवशीच लक्ष ठेवावे, जेणेकरून वेगळी फेरी पडणार नाही.
४. वेचणीच्या हंगामात सामूहिक पाळणाघर व स्तनपानाची सुट्टी यांची व्यवस्था करावी.
५. आरोग्यशिक्षण केवळ मातांना न देता नवरा व सासू यांनाही द्यावे. कारण मातेच्या वेळेवर त्यांचा अधिकार असतो.

समारोप

मुकुटबनसारख्या परिसरात मातेने काय खावे, किती झोपावे, कोणता व्यायाम करावा हे सांगणे सोपे आहे. ते करण्यासाठी लागणारा वेळ, अन्न आणि मदतीचा हात तिला कोण देणार, हा खरा प्रश्न आहे. तान्ह्या बाळाच्या मातेचे आरोग्य ही तिची एकटीची जबाबदारी मानली गेली, तर उत्तमातील उत्तम सल्लाही तिच्यावर आणखी एक ओझे ठरतो. घराने तिच्या ताटात एक भाकरी अधिक वाढणे, गावाने तिच्या बाळासाठी सावली करणे आणि यंत्रणेने बाळाबरोबर तिचीही विचारपूस करणे, या तीन गोष्टी एकत्र आल्या तरच ‘बाळ-बाळंतीण सुखरूप’ हे शब्द सव्वा महिन्यानंतर आणि सव्वा वर्षानंतरही खरे ठरतील.